मादाम क्युरी आणि माझ्या पंचवीस फेऱ्या

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं, पण लेख कधी लिहिला नाही. मग विचार केला, आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली आणि माझ्याही आयुष्यात पंचवीस या आकड्याची एक गोष्ट आहे. ती या इमारतीतल्या पुष्कळांना अर्धीमुर्धी माहीत आहे. एकदा पूर्ण सांगावी. पण ती माझ्यापासून सुरू होत नाही. ती वॉर्सातल्या एका मुलीपासून सुरू होते.

या मुलीचं नाव मी वर्गात शेकडो वेळा घेतलं असेल. रेडियमचा शोध कोणी लावला? मादाम क्युरी. एका मार्काचा प्रश्न. मुलं बरोबर लिहायची, मी टिक करायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. त्या एका मार्कामागे काय आहे, हे मला स्वतःला २०११ साली कळलं.

त्या वर्षी मला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन नको, रेडिएशन आणि सोबत आठवड्यातून एकदा केमो. बाहेरून पंचवीस वेळा किरणं, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. त्यानंतर आतून तीन वेळा. आपल्याकडे याला लाइट घेणं म्हणतात, कोणी शेक देणं म्हणतात. नाव काहीही असो, ऐकूनच मी इतकी घाबरले की तीन आठवडे काहीबाही कारणं काढून टाळाटाळ केली. आतून भाजून निघतं, अंग जन्मभर किरणं सोडत राहतं, असं ऐकलं होतं. विज्ञानाची शिक्षिका असून ऐकलं आणि विश्वासही ठेवला. उपचार सुरू झाल्यावर मी माझं ताट-वाटी वेगळी केली, चार वर्षांच्या नातवाला जवळ घेणं बंद केलं आणि हॉलमध्ये एकटी झोपायला लागले. कोणी मला असं करायला सांगितलं नव्हतं.

नवव्या की दहाव्या दिवशी मशीनवरच्या मुलाने विचारलं, आजी, रोज रडवेल्या का असता? मी कारण सांगितलं. तो हसला नाही. शांतपणे म्हणाला की मशीन बंद झालं की किरणं संपली, दिव्याचं बटण बंद केल्यावर खोलीत उजेड उरतो का? त्या रात्री नातू माझ्या कुशीत झोपला. आणि मला लाज वाटली, की जे मी शिकवत होते ते मला कळलेलंच नव्हतं. सुनेने लायब्ररीतून मादाम क्युरींच्या धाकट्या मुलीने, ईवने, १९३७ साली लिहिलेलं आईचं चरित्र आणून दिलं. उरलेल्या फेऱ्यांमध्ये लोकलमध्ये, रांगेत, सलाइन लावून पडल्या पडल्या मी ते वाचलं. मग आणखी काही वाचलं. तेव्हापासून मी तिला अगंतुगंच करते. कोणी रागावू नये.

मारी स्क्लोडोव्स्का. जन्म ७ नोव्हेंबर १८६७, वॉर्सा. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. वॉर्सावर रशियाच्या झारचं राज्य होतं आणि शाळेत पोलिश भाषेतून शिकवायची चोरी होती. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक, आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. पाच भावंडांत ही शेंडेफळ. थोरली बहीण टायफसने गेली आणि मारी दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. शाळेत सुवर्णपदक मिळालं, पण वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता.

इथे या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग येतो. मारी आणि तिची मोठी बहीण ब्रोन्या, दोघींना शिकायचं होतं आणि पैसा दोघींपुरता नव्हता. त्यांनी आपसात ठरवलं की ब्रोन्याने आधी पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मारीने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे आणि मग ब्रोन्याने मारीला बोलवायचं. त्याप्रमाणे मारी एका खेड्यात, साखर कारखान्याच्या परिसरातल्या एका घरी मुलांना शिकवायला राहिली. फावल्या वेळात शेतमजुरांच्या पोरांना चोरून पोलिश लिहा-वाचायला शिकवायची, पकडली गेली असती तर शिक्षाच होती. त्या घरच्या थोरल्या मुलाचं आणि तिचं जमलं, पण घरात कामाला असलेली पोर सून म्हणून नको म्हणून आईवडिलांनी मोडता घातला. तरीही नोकरी सोडता येईना, कारण ब्रोन्याचे पैसे जायचे होते. अपमान गिळून ती तिथेच राहिली.

१८९१ साली, चोविसाव्या वर्षी, ती पॅरिसला पोहोचली. सॉरबॉनमध्ये नाव घातलं. सहाव्या मजल्यावरची खोली, हिवाळ्यात कोळसा परवडायचा नाही. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या परीक्षेत पहिली आली, पुढच्या वर्षी गणितात दुसरी. त्याच १८९४ साली तिची पिएर क्युरी यांच्याशी ओळख झाली. जुलै १८९५ मध्ये लग्न झालं, अगदी साधं. लग्नात तिने गडद निळा पोशाख घेतला, कारण नंतर तो प्रयोगशाळेत वापरता येईल. मधुचंद्र म्हणजे दोन सायकली घेऊन फ्रान्सभर भटकणं.

त्या दोन वर्षांत विज्ञानात मोठी उलथापालथ झाली. १८९५ च्या शेवटी जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरण सापडले, १८९६ मध्ये पॅरिसमध्येच बेकरेल यांना दिसलं की युरेनियममधून आपोआप काही किरणं निघतात. मारीने पीएचडीसाठी हाच विषय घेतला. पदरात थोरली मुलगी इरेन, जेमतेम काही महिन्यांची. मारीने एकामागून एक खनिजं मोजायला घेतली आणि पिचब्लेंड नावाच्या काळ्या खनिजापाशी थबकली. त्यात जेवढं युरेनियम आहे, त्या मानाने किरणं फारच जास्त. म्हणजे आत आणखी काहीतरी आहे. पिएर आपलं काम बाजूला ठेवून तिच्या कामात आले. जुलै १८९८ मध्ये त्यांनी एका नव्या मूलद्रव्याची घोषणा केली. नकाशावर नसलेल्या आपल्या देशाच्या नावावरून तिने त्याचं नाव पोलोनियम ठेवलं. डिसेंबरमध्ये दुसरं, रेडियम.

पण रसायनशास्त्रज्ञांना पदार्थ डोळ्यांनी बघायचा असतो, वजन करायचं असतं. म्हणून रेडियम वेगळं काढायला हवं. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या योआखिमस्थाल इथल्या खाणीतून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला चोथा जंगलात टाकलेला असे. तो पोत्यांनी मागवला. पोत्यांत पाइनची काटेरी पानं मिसळलेली असायची. काम करायला जागा मिळाली ती पिएर शिकवत त्या संस्थेच्या आवारातली एक शेड. पूर्वी तिथे वैद्यकीय विद्यार्थी मृतदेहांवर शिकत. काचेचं छप्पर, पाऊस आला की गळायचं. आपल्या टेरेसच्या गळतीवर आपण किती सभा घेतल्या आठवतंय ना? त्या गळक्या शेडमध्ये मारी वीस-वीस किलोचा माल एका वेळी कढवत होती, स्वतःएवढ्या उंचीची लोखंडी सळई घेऊन तासन् तास ढवळत होती. टनावारी चोथ्यातून, सुमारे चार वर्षांनी, १९०२ साली हाताला लागलं एक डेसिग्रॅम रेडियम क्लोराइड, म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग. चिमूटभर मीठही त्याहून जड भरेल. रात्री जेवणं झाल्यावर नवरा-बायको पुन्हा शेडवर जात आणि अंधारात फळीवरच्या बाटल्यांमधून येणारा फिका निळसर उजेड बघत बसत. तो उजेड आपल्या शरीराचं काय करतोय, हे त्यांना माहीत नव्हतं.

थोडी कल्पना यायला लागली होती. १९०१ मध्ये बेकरेल यांनी रेडियमची नळी कोटाच्या खिशात ठेवली आणि खाली कातडी भाजली. पिएरनी मग मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम ठेवून पाहिलं. जखम झाली, भरायला आठवडेच्या आठवडे गेले. दुसरा कोणी असता तर तिथेच हात झटकले असते. पण पिएर आणि डॉक्टर मंडळींनी उलटा विचार केला. चांगली कातडी मरते, तर वाईट का मरणार नाही? त्याच वर्षी पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयात डॉक्टर दांलो यांनी क्युरींकडून रेडियम उसनं घेऊन त्वचेच्या क्षयावर वापरून पाहिलं. मग कर्करोगाच्या गाठींवर. फ्रान्समध्ये या उपचाराला नावच पडलं क्युरीथेरपी. आज ज्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात ती हीच, किरणांचा स्रोत थेट गाठीजवळ नेऊन ठेवायचा. माझी आतून झालेली तीन सिटिंग म्हणजे या क्युरीथेरपीची पणती.

रेडियमला अचानक सोन्याहून कित्येक पट भाव आला. ते काढायची रीत या दोघांनी बसवली होती. पेटंट घेतलं असतं तर घरात लक्ष्मी पाणी भरायला आली असती. अमेरिकेहून विचारणा झाली तेव्हा एका रविवारी दोघं बोलली आणि ठरवलं, पेटंट नाही, ज्याला हवी त्याला रीत सांगायची. ज्या गोष्टीने आजारी माणसं बरी होणार आहेत ती विकायची नाही, हा हिशोब. तेव्हा त्यांच्याकडे धड प्रयोगशाळासुद्धा नव्हती.

१९०३ मध्ये बेकरेल आणि या दोघांना मिळून भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आधी तिचं नाव वगळलं जाणार होतं. पिएरना कुणकुण लागली आणि तिच्याशिवाय हे होणार नाही असं त्यांनी कळवलं, तेव्हा ते आलं. तीनच वर्षांनी, १९ एप्रिल १९०६ रोजी, पावसात रस्ता ओलांडताना पिएर घोड्यांच्या मालगाडीखाली सापडले आणि जागीच गेले. मारी अडतीस वर्षांची, एक मुलगी आठ वर्षांची, दुसरी दीड. विद्यापीठाने पिएरची जागा तिला दिली. सॉरबॉनमध्ये शिकवणारी ती पहिली स्त्री. पहिल्या तासाला हॉल गच्च भरला, सगळ्यांना वाटलं बाई नवऱ्याबद्दल काही बोलेल. ती आली आणि पिएर जिथे थांबले होते बरोबर तिथून पुढे शिकवायला लागली. शिक्षिका म्हणून सांगते, ते किती अवघड आहे ते मला माहीत आहे. आमचे हे गेले त्यानंतर पंधरा दिवसांनी मी दहावीच्या वर्गावर उभी राहिले होते.

१९११ हे वर्ष तिची परीक्षा बघणारं होतं. जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीने अगदी थोडक्या मतांनी तिला नाकारलं. वर्षअखेरीस वर्तमानपत्रांनी सहकारी शास्त्रज्ञ लांजव्हॅं यांच्याशी तिचं नाव जोडून रान उठवलं, परकी बाई म्हणून घरावर लोक चालून आले. त्याच सुमाराला दुसरं नोबेल जाहीर झालं, या वेळी रसायनशास्त्राचं आणि एकटीला. स्वीडनहून सुचवण्यात आलं की तूर्त यायचं टाळावं. तिचं म्हणणं सरळ होतं, पारितोषिक कामाला आहे, खाजगी आयुष्याला नाही. ती गेली आणि घेऊन आली. मग कितीतरी महिने आजारी पडली.

पॅरिसची रेडियम इन्स्टिट्यूट १९१४ मध्ये उभी राहिली. एका बाजूला मारीची प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला पाश्चर संस्थेचा वैद्यकीय विभाग, त्याचे प्रमुख डॉक्टर क्लोडियस रेगो. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं. मारीने फ्रान्सजवळचं सगळं रेडियम शिशाच्या जड पेटीत घालून स्वतः रेल्वेने बोर्डोला नेऊन ठेवलं आणि परत येऊन क्ष-किरणांच्या मोटारी तयार करायला घेतल्या. अशा सुमारे वीस गाड्या, शिवाय दोनशे ठिकाणी क्ष-किरणांच्या खोल्या. गाडी चालवायला शिकली, सतरा वर्षांच्या इरेनला सोबत घेतलं आणि आघाडीवर जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या शोधून दिल्या. दहा लाखांहून जास्त सैनिकांची या सोयीमुळे तपासणी झाली. आडोसा म्हणावा तसा मायलेकींना नव्हता.

युद्धानंतर रेगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे शोधून काढलं, त्यावर माझे प्राण वाचले आहेत. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत त्यांच्या लक्षात आलं की एकदम मोठी मात्रा दिली तर वरची कातडी जळते आणि तरी आतलं काम पुरतं होत नाही. तीच मात्रा थोडी थोडी करून दिवसांवर वाटली, तर काम होतं आणि कातडी टिकते. किरणं पेशीच्या आतला डीएनए तोडतात. निरोगी पेशी रात्रीतून बरीचशी डागडुजी करून घेते. कर्करोगाच्या पेशीला ती नीट जमत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घाव बसतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा. म्हणून पंचवीस वेळा. मी आधी रोज कुरकुरायचे की एकदाच काय ते देऊन टाका ना, रोज लोकलचे धक्के कशाला. हे वाचल्यावर कुरकुर थांबली. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर रेडियमच्या नळ्या ठेवायची जी पद्धत या संस्थेत बसवली गेली, ती जगभर पॅरिस पद्धत म्हणून ओळखली गेली.

आणि गंमत बघा. रेडियम जगाला देणारीकडे स्वतःपुरतं रेडियम घ्यायला पैसे नव्हते. १९२० च्या सुमारास अमेरिकेत जवळजवळ पन्नास ग्रॅम होतं आणि मारीच्या प्रयोगशाळेत जेमतेम एक. एका अमेरिकन पत्रकार बाईंनी, मिसी मेलोनी यांनी, हे ऐकलं आणि अमेरिकेतल्या बायकांकडून वर्गणी गोळा केली. एक ग्रॅमची किंमत एक लाख डॉलर. मे १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी व्हाइट हाउसमध्ये तो तिला दिला. आदल्या रात्री तिने दानपत्र बदलून घेतलं. ग्रॅम तिच्या नावावर नको, प्रयोगशाळेच्या नावावर हवा, म्हणजे आपल्या मागे तो मुलींची मालमत्ता होणार नाही. वकील रात्रीच बोलवायला लावला. १९२९ मध्ये ती पुन्हा गेली, या वेळी वॉर्साच्या रेडियम इन्स्टिट्यूटसाठी. ती संस्था १९३२ मध्ये सुरू झाली. तिची संचालक कोण? ब्रोन्या. जिच्या शिक्षणासाठी धाकटीने खेड्यात पोरं शिकवली, ती थोरली डॉक्टर होऊन धाकटीने आणलेल्या रेडियमने पोलंडमधले रोगी बरे करत होती. हे पान मी रांगेत बसून वाचलं तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं, फार दुखतंय का?

या सगळ्याची किंमत मारीने भरली. डोळ्यांत मोतीबिंदू, बोटांची टोकं कडक झालेली, सतत थकवा. बराच काळ तिने ते मनावर घेतलं नाही, रेडियमला ती फार दोष देत नसे. हेही सांगायला हवं, नाहीतर देव्हाऱ्यात बसवल्यासारखं होईल. बाजारात तर रेडियमची टॉनिकं विकली जात होती आणि अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रेडियमने रंगवणाऱ्या मुली आजारी पडून मरत होत्या. ४ जुलै १९३४ रोजी फ्रेंच आल्प्समधल्या एका आरोग्यधामात मारी गेली. हाडांतल्या मगजाने रक्त तयार करणं थांबवलं होतं. तिच्या वह्या आजही शिशाचं अस्तर असलेल्या पेट्यांत आहेत.

जायच्या आधी सहा महिने एक गोष्ट तिने डोळ्यांनी पाहिली. इरेन आणि जावई फ्रेडरिक यांनी प्रयोगशाळेत साध्या मूलद्रव्यापासून किरणं सोडणारा पदार्थ कृत्रिमपणे तयार केला. त्याच वाटेने पुढे कोबाल्ट-६०, इरिडियम-१९२ असे पदार्थ आले. म्हणून आज रुग्णालयात रेडियम वापरत नाहीत. ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात, त्यातून वायूही गळतो, सांभाळणं जिकिरीचं. माझ्या वेळी इरिडियमचा छोटासा दाणा तारेच्या टोकावर बसून मशीनमधून नळीवाटे आत आला, काही मिनिटं थांबला आणि परत आपल्या तिजोरीत गेला. तेवढा वेळ सगळे बाहेर, मी एकटी आत. पहिल्यांदा भीती वाटली. तिसऱ्या वेळी मी मनात म्हटलं, मारीबाई, तुमच्याकडे ना भिंत होती, ना तिजोरी, ना मोजमाप. आम्हाला सगळं मोजून मिळतंय ते तुमच्यामुळे.

त्रास झाला नाही असं नाही. जुलाब झाले, अंगातलं त्राण गेलं, जेवण नकोसं झालं. पण भाजून निघाले नाही. त्या पाच आठवड्यांत सेक्रेटरीकाकांनी स्टेशनपर्यंतच्या रिक्षेची पाळी लावून दिली होती, शेजारच्या वहिनींनी रोज मऊ भात पाठवला. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या दोन मुलांना मात्र घरच्यांनी यायचं बंद केलं होतं. मला तेव्हा वाईट वाटलं. आता वाटत नाही. मी स्वतःच स्वतःला वाळीत टाकलं होतं, तर त्यांना काय बोलणार?

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. तो नातू आता बारावीला आहे आणि मी अजून लिफ्ट बंद असली की तीन मजले चढते, कुरकुर करत का होईना.

म्हणून या निमित्ताने दोनच गोष्टी सांगते. आपल्या इमारतीत कोणी बाहेरून लाइट घेऊन आलं तर खुशाल त्याच्याजवळ बसा, चहा घ्या, बाळ मांडीवर द्या. काही प्रकारच्या औषधांत डॉक्टर काही दिवस वेगळं राहायला सांगतात, तेव्हा तेवढं पाळा, पण ते डॉक्टरांनी सांगायचं, जिन्यावरच्या गप्पांनी नव्हे. आणि महिला मंडळातल्या सगळ्याजणींनी तिशीनंतर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी डॉक्टरांना विचारून वेळेवर करून घ्या. माझ्यासारखे तीन आठवडे भीतीपायी घालवू नका. कोणाला विचारायचं असेल तर माझं दार उघडं आहे, दुपारी एक ते तीन सोडून.

सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला मी असेन की नाही, कोण जाणे. पण त्या स्मरणिकेत कोणीतरी लिहावं की आमच्या इमारतीत या आजाराला आता कोणी घाबरत नाही. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.

– बी विंग, तिसरा मजला